सवतीचा टाक

मे महिन्यात धुळ्याला भर दुपारी कुणी घराबाहेर पडत नाही. पांझरेच्या कोरड्या वाळूवरून झळा सुटतात, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, आणि कॉलेजातले शिपाईसुद्धा कड्या घालून जिन्याखालच्या गारव्यात आडवे होतात. अशाच एका दुपारी डॉ. प्रमिला प्रयोगशाळेत स्लाइडच्या पेट्या आवरायला गेली. परीक्षा तोंडावर आली होती. फुटक्या काचा वेगळ्या काढायच्या, चांगल्या पुसून परत लावायच्या, एवढंच काम होतं. तिला सहावा महिना होता, बसून करण्यासारखं काम म्हणून ते तिने आपणहून मागून घेतलं होतं.

निदान तिने सगळ्यांना तसं सांगितलं होतं. खरं सांगायचं तर तिला एकटीला त्या पेटीपाशी जायचं होतं.

पहिल्या पेटीच्या पहिल्या खाचेत एक स्लाइड होती. काचेच्या कोपऱ्यात हिऱ्याच्या पेन्सिलीने कोरलेलं नाव होतं, ‘पुष्पा’. प्रमिलाच्या आधी हाच विषय इथे पुष्पा शिकवायची, आणि प्रमिलाच्या आधी डॉ. गिरधरची बायकोही पुष्पाच होती. दोन्ही जागा एकाच बाईने रिकाम्या केल्या होत्या आणि दोन्ही जागांवर प्रमिला आली होती.

रक्ताचा थेंब काचेवर पसरणं ही गोष्ट ऐकायला सोपी आहे. एका टोकाला थेंब ठेवायचा, दुसरी काच तिरकी टेकवायची आणि एका दमात पुढे ओढायची. हात जरा अडखळला की पट्टे पडतात, घाई झाली की टोक फाटतं. पुष्पाच्या काचेवर जिभेसारखा निमुळता, सगळीकडे सारखा थर होता. सूक्ष्मदर्शकाखाली धरला की तांबड्या पेशी एकेक सुट्या, पांढऱ्या पेशी जांभळ्या केंद्रासकट टवटवीत, आणि मधून मधून प्लेटलेट्सची बारीक रांगोळी. तिच्या स्वतःच्या बोटाचं रक्त होतं ते. बाई जाऊन दोन वर्षं झाली, तरी प्रत्येक नव्या वर्गाला रक्त म्हणजे काय ते पुष्पाच दाखवत होती.

“मॅडम, पुष्पा मॅडमची स्लाइड मिळेल का?” कालच नसीमने विचारलं होतं. नसीम वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी, तिच्या मनात काहीही वाकडं नव्हतं. “तुमच्या स्लाइडवर प्लेटलेट्स नीट दिसत नाहीत.”

प्रमिलाने हसून स्लाइड दिली होती आणि रात्रभर कूस बदलत पडली होती.

आता मत्सर करायचाच तर माणसाने जिवंत बाईचा करावा. जिवंत बाई भांडते, आमटी खारट करते, जाड होते, म्हातारी होते. कधी ना कधी नवऱ्याच्या मनातून उतरते. मेलेली बाई यातलं काहीच करत नाही. घरातल्या फोटोत पुष्पा सदा सव्वीस वर्षांची होती. ती बाळंतपणात गेली होती. मूल पोटातच गेलेलं, आणि नंतर तिचं रक्त गोठेना. डॉक्टर सुनंदाबाईंनी जंग जंग पछाडलं. गिरधरने शेजारच्या खाटेवर पडून स्वतःचं रक्त दिलं. ते तिच्या अंगात गेलं आणि तसंच वाहून गेलं. ही हकीकत प्रमिलाला लग्नाआधीच सांगितली होती, आणि ऐकताना तिच्या डोळ्यांत पाणीही आलं होतं. लग्नानंतर मात्र त्याच हकिकतीतली एक गोष्ट तिच्या मनात कुसळासारखी राहिली. पुष्पाच्या अंगात त्यांचं रक्त गेलं होतं. आपल्या अंगात काय गेलंय?

एका बाबतीत मात्र तिची सरशी होती. पुष्पाचा रक्तगट बी होता. गिरधरचा ओ आणि प्रमिलाचाही ओ. ओ आणि ओ यांच्या पोटी ओच येणार, दुसरा गट येऊच शकत नाही, हे ती दर वर्षी फळ्यावर चौकोन आखून शिकवायची. यंदा शिकवताना पोटावर हात ठेवायची आणि मनातल्या मनात म्हणायची, की या हिशेबात तुला जागा नाही बाई.

घरी सासू ताईबाईंचं म्हणणं वेगळंच होतं. ताईबाई नरडाण्याकडच्या, शेतात हयात घालवलेल्या. त्यांच्याकडे पहिली बायको गेल्यावर जी दुसरी येते तिने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा असतो. बोटाच्या पेराएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली बाईची आकृती. नवं लुगडं आधी त्याला दाखवायचं, सणाचा पहिला घास त्याला. ताईबाईंनी नरडाण्याच्या सोनाराकडून तो करून आणला होता आणि लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात प्रमिलाच्या हातावर ठेवला होता.

“घाल पोरी गयामा. पहिलीले मान दिधा म्हणजे ती लांब बसस. नही दिधा ते घरमा ईसन बसस.”

“आई, मी एका गळ्यात दोन बायका वागवणार नाही,” प्रमिला म्हणाली होती, आणि टाक कपाटात साड्यांच्या खाली सारला होता. गिरधर तेव्हा तिथेच होता. तो उठून बाहेर गेला, आणि तेसुद्धा तिला लागलं होतं.

तर त्या दुपारी प्रयोगशाळेत वीज गेलेली होती. पंखे बंद. खिडकीवरचा वाळ्याचा पडदा कोरडा पडून कुरकुरत होता. स्पिरिटचा आणि मोरीतल्या रंगाचा वास नेहमीचाच. प्रमिलाने पुष्पाची स्लाइड उजेडात धरली. फोडून टाकावी असं तिच्या मनात होतं, पण हात होईना. काच वाया घालवायची नाही ही त्या खोलीतली शिस्त होती. नव्या स्लाइड वर्षातून एकदा मिळायच्या, त्याही मोजक्या. जुनी काच धुवायची आणि परत वापरायची, हे प्रत्येकाच्या हाताला वळण लागलेलं. म्हणून तिने ती धुतली. आधी तेल काढायच्या झायलीनने पुसली, मग स्पिरिटने, मग मोरीत साबणाने चोळली. जांभळट पाणी वाहून गेलं. एवढी गाजलेली बाई, नळाखाली निघून जायला वेळ लागला नाही.

मग तिने स्वतःचं बोट टोचलं आणि त्याच काचेवर स्वतःचा थेंब ओढला.

थर सुंदर उतरला. जिभेसारखा निमुळता, सगळीकडे सारखा. इतका चांगला तिला आजवर कधीच जमला नव्हता. तिने तो वाळवला, रंगवला आणि कोपऱ्यातलं नाव खरवडून काढायचं म्हणून काच तिरकी केली. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की काचेवर तेलाचा थेंब आहे.

सूक्ष्मदर्शकाचं मोठं भिंग लावायचं तर काचेवर देवदाराच्या तेलाचा एक थेंब टाकतात. त्याचा वास गोडसर, जुन्या पेटाऱ्यासारखा. तिने तेलाची बाटली उघडलीच नव्हती. ती बंद कपाटात होती, आणि कपाटाची किल्ली तिच्या कमरेला. तरी थेंब होता, ताजा आणि गोल, जणू आत्ताच कुणीतरी हे रक्त बघायला बसणार होतं.

प्रमिलाने सूक्ष्मदर्शकात पाहिलं. तांबड्या पेशी सुट्या, पांढऱ्या टवटवीत. प्लेटलेट्स मात्र एकही नाही. तिने काच पुढे सरकवली, मागे सरकवली. रक्त थांबवणारे ते बारके ठिपके अख्ख्या थरात कुठेच नव्हते.

“रंग बिघडला असेल,” ती मोठ्याने म्हणाली. रिकाम्या खोलीत तिचाच आवाज तिला नको वाटला. नाव खरवडायचं राहूनच गेलं. स्लाइड खाचेत सारून ती बाहेर पडली.

त्याच आठवड्यात रक्त गोठण्याचं प्रात्यक्षिक होतं. बोट टोचून काचेची केसासारखी बारीक नळी रक्ताने भरायची, आणि थोड्या थोड्या वेळाने तिचा तुकडा मोडत जायचं. आधी रक्त पातळ असतं, तुकडे सहज वेगळे होतात. मग एका तुकड्याला दोन काचांच्या मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखा तंतू ताणला जातो. तोच फायब्रिनचा धागा. दिसला की रक्त गोठलं. फुंकर मारली तरी तुटेल इतका तो नाजूक असतो.

पुष्पा हे स्वतःच्या बोटावर करून दाखवायची. म्हणून प्रमिलानेही स्वतःचंच बोट पुढे केलं. नसीमने टोचलं, नळी भरली आणि घड्याळाकडे बघत तुकडे मोडायला लागली. धागा नाही. पुन्हा मोडला. धागा नाही. पोरं पुढे वाकून बघत होती, ती हळूहळू एकमेकांकडे बघायला लागली. शेवटचा तुकडा मोडला तरी रक्त पाण्यासारखंच होतं.

“मॅडम...” नसीम दबक्या आवाजात म्हणाली, “तुमचं बोट अजून...”

प्रमिलाने खाली पाहिलं. कापसाचा बोळा भिजून टेबलावर थेंब पडले होते.

“नळ्या खराब आहेत,” तिने सांगितलं. “उद्या दुसऱ्या आणू.”

संध्याकाळी तिने गावातल्या दुसऱ्या लॅबमध्ये रक्त दिलं. सगळं ठीक निघालं. प्लेटलेट्स भरपूर, गोठण्याचा वेळ अगदी पुस्तकात लिहिल्यासारखा. तिने नाव न सांगता जळगावच्या एका लॅबमध्येही नमुना पाठवला, तिथूनही तेच उत्तर आलं. त्या एका खोलीत, त्या एका टेबलापाशी मात्र तिचं रक्त गोठत नव्हतं. तिने पुन्हा तपासायचं धाडस केलं नाही.

ती घाबरली होती का? घाबरली होती. रात्री कपाटापाशी जाऊन साड्यांखाली हात घालायची, टाक बोटांना गार लागायचा. एवढासा पत्रा गळ्यात अडकवला तर काय बिघडणार होतं? पण तो घातला की आरशात बघताना, अंघोळीला बसताना, गिरधरच्या कुशीत असताना ती मध्ये असणार. प्रमिलाच्या मनात भीती होती खरी, पण मत्सर तिच्याहून मोठा होता. तिने प्रत्येक वेळी हात रिकामाच बाहेर काढला.

दिवस भरले. सुनंदाबाईंच्याच प्रसूतिगृहात नेलं. मुलगी झाली, रडली, आणि मागोमाग प्रमिलाचं रक्त जायला लागलं. सुनंदाबाईंचा चेहरा तिला दिसला. त्यांच्या हाताला घाई नव्हती, पण ओठ पांढरे पडले होते. त्यांनी हे आधी एकदा पाहिलं होतं.

“गिरधरला बोलवा,” त्या म्हणाल्या. “ओ आहे ना त्याचं... चला, लवकर.”

शेजारच्या खाटेवर गिरधर आडवा झाला. त्याच्या दंडातून बाटलीत, बाटलीतून प्रमिलाच्या हातात. अंग थंड पडत चाललेलं, डोळ्यांपुढे अंधार, आणि अशा वेळी या बाईला काय वाटावं? तिला बरं वाटलं. आपल्यालाही मिळालं, तिच्या मनात आलं. आता बरोबरी झाली. मग कुठून तरी देवदाराच्या तेलाचा वास आला आणि तिची शुद्ध गेली.

ती वाचली. रक्त आपोआप थांबलं. सुनंदाबाईंना त्याचं कारण सांगता आलं नाही, आणि त्यांनी फार विचारही केला नाही.

बाळंतीण घरी आली. ताईबाई शेक देत होत्या, बाळंतशोपा भाजत होत्या. सगळं सुरळीत होतं. एकच गोष्ट प्रमिलाला दिसत होती. गिरधर मुलीला घेऊन तासन् तास बसायचा. तिच्याकडे बघताना त्याच्या चेहऱ्यावर जे यायचं ते प्रमिलाने आजवर एकदाच पाहिलं होतं, भिंतीवरच्या फोटोत, पुष्पाच्या शेजारी उभ्या असलेल्या गिरधरच्या तोंडावर. आणि मुलगी कुणाकडेही राहायची, फक्त प्रमिलाने घेतलं की तिच्या खांद्यामागे कुठेतरी टक लावून बघायची.

एक दिवस नसीम बाळाला बघायला आली. प्रमिलाने तिला सांगून कॉलेजातून रक्तगट तपासायच्या दोन बाटल्या बर्फाच्या थर्मासमध्ये घालून आणवल्या होत्या. ए गट ओळखणारी निळी, बी ओळखणारी पिवळी. नसीम गेल्यावर प्रमिलाने खोलीचं दार लोटलं. ओ येणार हे तिला ठाऊकच होतं. तिला ते फक्त डोळ्यांनी बघायचं होतं, म्हणजे मग ही मुलगी त्या दोघांचीच ठरली असती, तिसरं कुणी त्यात नव्हतं.

तिने मुलीची टाच टोचली. मुलगी रडली नाही. बारीक नळीत थोडं रक्त घेऊन, टाचेवर कापसाचा बोळा दाबून तिने वरून दुपट्याची पट्टी बांधली आणि पांढऱ्या टाइलवर दोन बाटल्यांतले दोन थेंब ठेवले. निळ्या थेंबात रक्त मिसळलं, तसंच एकसारखं राहिलं. पिवळ्या थेंबात आधी काही दिसेना. मग टाइल हलवता हलवता त्यात वाळूसारखे कण दिसायला लागले, कण एकमेकांना धरायला लागले, आणि बघता बघता तांबड्या गाठी स्वच्छ पाण्यात तरंगायला लागल्या.

बी.

प्रमिलाने टाइल पुसली. नळीत उरलेल्या रक्ताचा पुन्हा थेंब घेतला, पुन्हा तेच. मग स्वतःचं बोट टोचून पाहिलं, स्वतःचा ओ आला. बाटल्या चांगल्या होत्या.

“बी आलं ना?”

दारात गिरधर उभा होता. जेवायला घरी आला होता. तिने टाइलवर हात ठेवला, पण त्याला बघायची गरजच नव्हती.

“मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं,” तो म्हणाला. “नाळेचं रक्त घेतलं होतं ना, त्यातून. बोललो नाही... तुला वाईट वाटेल म्हणून.”

“अहो, ओ आणि ओच्या पोटी...”

“येत नाही. मलाही कळतं.” तो हसत होता, आणि त्याचे डोळे भरून आले होते. “तुझ्यावर शंका नाही माझी, प्रमिला. देवाशप्पथ नाही. मी फक्त... ती परत आली, एवढंच मला वाटतं.”

त्याने संशय घेतला असता तर बरं झालं असतं. ती भांडली असती, रडली असती, माहेरी गेली असती, आणि खरी ठरली असती. या आनंदाशी कसं भांडायचं ते तिला कळेना. नऊ महिने तिने वागवलं, मरणाच्या दारातून तिने आणलं, आणि नवरा तिच्यासमोर उभा राहून दुसऱ्याच बाईचे आभार मानत होता.

गिरधर मुलीला घ्यायला वाकला आणि तसाच थांबला.

“टाच केव्हा टोचलीस?”

“मघाशी... नसीम गेली तेव्हा.”

दुपटं भिजलं होतं. खालची गादीही भिजली होती. त्याने पट्टी सोडली, बोळा काढला. सुईच्या टोकाएवढ्या जखमेतून रक्त येत होतं, शांतपणे, थेंबामागून थेंब. त्याने अंगठ्याने दाबून धरलं. अंगठ्याच्या कडेने ते येतच राहिलं. मुलगी पांढरीफटक पडली होती आणि छताकडे बघत होती.

“हे असंच झालं होतं,” गिरधर म्हणाला. “तिचं... असंच... मी गाडी काढतो. तू दाबून धर, सोडू नकोस!”

तो धावत गेला. ताईबाई आत आल्या, त्यांनी गादी पाहिली, आणि मुलीची टाच स्वतःच्या मुठीत धरली. सुनेकडे वर बघून त्या एवढंच म्हणाल्या, “जाय, ली ये.”

काय आणायचं ते विचारावं लागलं नाही. प्रमिलाने कपाटातल्या साड्या ओढून जमिनीवर टाकल्या. टाक सापडला. तो गार असायचा, आज हाताला ऊन लागला. तिने त्याचा काळा दोरा गळ्यात अडकवला आणि मुलीपाशी येऊन गुडघे टेकले. दहा वेळा तोंड उघडलं आणि मिटलं. बाहेर गाडी सुरू होत नव्हती.

“अक्का...” ती म्हणाली. या नावाने तिने पुष्पाला कधीच हाक मारली नव्हती. “अक्का, पोरगी तुमची. माझी नाही... तुमचीच. जगू द्या.”

आयुष्यात यापेक्षा जड काही तिने उचललं नव्हतं. ती वाकली तेव्हा गळ्यातला टाक लोंबून मुलीच्या टाचेला लागला. ताईबाईंनी मूठ सोडली. थेंब आला, थरथरला आणि तिथेच राहिला. दुसरा आला नाही. थेंबावर साय धरावी तसं काहीतरी धरलं, आणि मुलीने पहिल्यांदा मोठ्याने टाहो फोडला.

खोलीत देवदाराच्या तेलाचा वास दाटला होता.

प्रमिला हळूच सरळ झाली. टाक टाचेपासून सुटला, पण पुरता सुटला नाही. चांदी आणि टाच यांच्या मध्ये एक तंतू ताणला गेला होता, पांढुरका, कोळ्याच्या जाळ्यासारखा. तो तिने शेकडो वेळा पोरांना दाखवला होता. तिने फुंकर मारली. तंतू हलला. ती उभी राहिली, एक पाऊल मागे सरली, मग आणखी एक. दुपारच्या उजेडात तो तिच्या गळ्यापासून मुलीच्या टाचेपर्यंत स्पष्ट दिसत होता. तिची पाठ दाराला लागली. ती उंबऱ्याच्या बाहेर गेली, तरी तो लांबतच होता.

ताईबाई मुलीला नवं दुपटं गुंडाळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“आते रगत थांबनं,” त्या म्हणाल्या. “पन तू जास्ती लांब नको जाऊ, पोरी.”